आईमार्फत, योग्य त्या कार्यवाहीसाठी

"अबे, हे बटन दाबलं, पन वरचा आकडा तं हललाच नाही!"

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या एका घरात सकाळी साडेदहाला हे वाक्य ऐकू आलं. बोलणारे वडील सहकारी बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. ज्याला उद्देशून बोलले तो धाकटा मुलगा पुण्याच्या कंपनीत वेब डेव्हलपर. 2020 च्या टाळेबंदीत लॅपटॉप काखेत मारून घरी आला, तो परत गेलाच नाही. त्याच्या पडद्यावर किराणा मागवायचं पान होतं. खाली तूरडाळ, डाळीसमोर अधिक आणि उणेची बटणं. वर उजव्या कोपऱ्यात टोपलीचं चित्र आणि त्यावर लाल गोलात आकडा. अधिकचं बटण दाबलं की डाळीसमोर एकाचे दोन होत. टोपलीवरचा एक मात्र जागचा हलत नसे. दुपारी तीनला पुण्यातल्या साहेबांना हे पान दाखवायचं होतं.

"मंग खरं कोनतं? वरचं का खालचं?" वडिलांनी विचारलं. आयुष्यभर संध्याकाळी रोकड जुळवल्याशिवाय घरी न आलेल्या माणसाचा प्रश्न होता. पोराकडे उत्तर नव्हतं.

तसं ते फार मोठ्या लोकांकडेही नव्हतं. फेसबुकवर एके काळी निरोपांच्या खुणेवर लाल रंगात 1 दिसायचा. माणूस मोठ्या आशेनं उघडायचा, आणि आत नवा निरोपच नसायचा. अभियंते दुरुस्ती करत, चार दिवस बरे जात, मग तो एक पुन्हा उगवे. कारण अगदी घरगुती होतं. न वाचलेले निरोप किती, ही एकच माहिती वरची खूण वेगळी ठेवत होती, कोपऱ्यातली चॅटची खिडकी वेगळी आणि निरोपांचं मोठं पान वेगळी. तिघांचे तीन हिशोब. 2014 साली कंपनीच्या एफएट परिषदेत जिंग चेन यांनी भर व्यासपीठावर ही कथा सांगितली आणि तिच्यावरचा उतारा म्हणून फ्लक्स नावाची रचना मांडली. जगातल्या भारी विद्यापीठांतून निघालेली डोकी "किती निरोप वाचायचे राहिले" या गणितापुढे बसली होती, हे कळल्यावर पिपरी मेघेतल्या पोराला फार बरं वाटलं. वडिलांना वाटलं नाही. "त्याईचं जाऊ दे. तुह्यं कधी होते?"

इथे वाचकांना थोडी शिकवणी देणं भाग आहे. प्रस्तुत लेखकाचा संगणकाशी संबंध प्रिंटर रुसला की त्याच्या पाठीवर थाप मारण्यापुरता, त्यामुळे शिकवणी लांबणार नाही.

पूर्वी वेबच्या पानात कुणीही कुठेही घुसायचं. जॉन रेसिगचं जेक्वेरी 2006 साली आलं आणि ही घुसखोरी फारच सोपी झाली: पानातल्या कुठल्याही कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यातला आकडा एका ओळीत बदलता येई. छोट्या पानाला ते झकास चाले. पान मोठं झालं की मात्र आकडा कुणी बदलला याचा शोध घेताना घराघरात होतं तेच होई. "मी नाही केलं." मग फेसबुकातल्या जॉर्डन वॉक यांनी रिअ‍ॅक्ट लिहिलं. 2011 साली ते फेसबुकच्या न्यूज फीडमध्ये गेलं, 2012 साली इन्स्टाग्राममध्ये, आणि मे 2013 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. जाणत्यांनी आधी नाकं मुरडली. पुढच्या काही वर्षांत त्याच जाणत्यांनी आपल्या बायोडेटात ते पहिल्या ओळीत लिहिलं.

रिअ‍ॅक्टमध्ये पानाचे तुकडे असतात, त्यांना कंपोनंट म्हणतात. तुकड्यात तुकडा असतो. बाहेरचा पेरेंट, आतला चाइल्ड, आणि एकाच पेरेंटच्या पोटातले दोघे सिब्लिंग. प्रत्येकाला आपलं म्हणून जे आठवतं ते त्याचं स्टेट. पेरेंट चाइल्डच्या हातात जे देतो ते प्रॉप्स. चाइल्डनं ते वाचायचं, त्याला हात लावायचा नाही. काही बदलायचं असेल तर पेरेंटनंच दिलेला हँडलर चालवायचा, म्हणजे "असं असं झालं आहे" एवढं वर कळवायचं. बदलायचं की नाही ते पेरेंट ठरवणार. आणि सिब्लिंग एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. एकाला दुसऱ्यापर्यंत काही पोचवायचं तर दोघांच्या पेरेंटमार्फतच.

ही व्यवस्था समजून घ्यायला परदेशातल्या अभियंत्यांना व्याख्यानं, शिबिरं आणि जाडजूड पुस्तकं लागली. पिपरी मेघेतल्या त्या घरात ती उन्हाळ्यापासून चालू होती, कारण कूलरचं तोंड कुणाच्या खोलीकडे असावं यावरून दोन्ही भावांत अबोला होता.

"आई, दादाले सांग, राउटर बंद नको करत जाऊ म्हना."

दादा तीन हातांवर पोहे खात बसलेला.

"आई, त्याले सांग, मी नाही केला. लाइन गेली होती."

आई दर वेळी पोळी लाटता लाटता निरोप जसाच्या तसा पुढे पाठवायची. दादाकडे तोंड करून "राउटर बंद नको करत जाऊ," आणि धाकट्याकडे तोंड करून "लाइन गेली होती." तिच्या लेखी या माहितीचा उपयोग शून्य होता. राउटर म्हणजे भिंतीवरचा हिरवा दिवा, एवढंच तिला ठाऊक. पण तिच्याशिवाय घरातलं एक अक्षर इकडचं तिकडे होत नव्हतं.

तूरडाळीचा घोळही नेमका तोच होता. डाळीची ओळ आणि वरची टोपली ही दोन भावंडं, आणि दोघांनी आपापला आकडा आपापल्या खिशात ठेवलेला. उपाय पुस्तकी होता: दोघांचेही आकडे काढून घ्यायचे, वरच्या पेरेंटकडे एकच ठेवायचा, त्यानं तो दोघांना दाखवायचा, आणि डाळीच्या हाती एक हँडलर द्यायचा. रिअ‍ॅक्टच्या जुन्या मार्गदर्शिकेत हे शिकवायला तापमापकाचं उदाहरण होतं. एका चौकटीत सेल्सिअस, दुसरीत फॅरनहाइट, एक बदललं की दुसरं बदलायला हवं. आणि खाली उत्तर, की एवढ्या तापमानात पाणी उकळेल की नाही. हे उदाहरण थंड देशात सुचलेलं असावं. वर्ध्याच्या मे महिन्यात टाकीच्या नळाखाली हात धरलेल्या माणसाला त्या उत्तरासाठी प्रोग्रॅम लागत नाही.

आकडा वर नेला. काम अर्ध्या तासाचं. पण मधे एक भानगड असते, आणि पगार तिचाच मिळतो.

पेरेंट आणि ते अधिकचं बटण यांच्यामध्ये चार-पाच मजले होते. पानात विभाग, विभागात यादी, यादीत ओळ, ओळीत बटणांची जोडी, जोडीत बटण. सगळ्यात वरचा हँडलर सगळ्यात खाली पोचवायचा तर मधल्या प्रत्येकानं तो हातात घेऊन पुढच्याला द्यायचा. मधल्या कुणालाही त्याचं काहीएक पडलेलं नसतं. इंग्रजीत याला प्रॉप ड्रिलिंग म्हणतात. बाबांनी आईला सांगायचं, आईनं वहिनीला, वहिनीनं पुतण्याला, आणि पुतण्यानं गच्चीवर जाऊन टाकीचा नळ बंद करायचा, तसं. आता वरून निघालेल्या हँडलरचं नाव "ऑनक्वांटिटीचेंज". यादी नावाचा मधला तुकडा मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेला. त्यानं ते नाव आळसानं "ऑनक्यूटीवायचेंज" असं उतरवलं होतं. त्यामुळे यादीनं खाली जे पाठवलं ते म्हणजे शुद्ध हवा. बटणाला हवा जोडली तर जावास्क्रिप्ट रागावत नाही. तांबडी अक्षरं येत नाहीत, पान कोसळत नाही, बटण दाबलं की काहीच होत नाही, एवढंच. पुतण्या गच्चीवर गेलेला असतो, पण "काय सांगितलं होतं?" हे विसरून तिथेच पतंग उडवत बसलेला असतो. टाकी वाहत असते.

या गोष्टी पकडायला मायक्रोसॉफ्टनं 2012 साली टाइपस्क्रिप्ट आणलं. ते म्हणजे लग्नघरातली अमरावतीची आत्या. कोण, कुणाकडून, कशासाठी, पूर्ण नाव सांग; नाव जुळलं नाही की दारातच अडवणार. सगळे तिला वैतागतात, आणि ती गेल्यावर अहेराच्या पाकिटांचा हिशोब लागत नाही.

पावणेतीनला आकडा हलला. तीनला साहेबांनी पुण्याहून बटण दाबलं. वर दोन झाले, खाली दोन झाले. "छान," साहेब म्हणाले. "आता हाच आकडा फूटरमध्ये पण दाखवू."

या कथेतला सगळ्यात स्थानिक भाग मात्र कंसाचा आहे.

पिपरी मेघे हे गाव सरकारी कागदावर बहुतेक वेळा पिपरी (मेघे) असं कंसात लिहिलं जातं. 2011 च्या जनगणनेत त्याची नोंद शहर म्हणून झाली, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. त्यामुळे आपण गावात राहतो की शहरात, ही तिथल्या रहिवाशांची स्टेटच नीट ठरलेली नाही. शेजारी सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), उमरी (मेघे). जरा पलीकडे सालोड (हिरापूर). आणि जिल्ह्यात दुसरीही सिंदी आहे, ती सिंदी (रेल्वे). संगणकवाल्याला हा नकाशा दाखवला तर तो म्हणेल, हे तर फंक्शन आहे, कंसात वेगवेगळं काही घालून चालवलेलं. सिंदीत मेघे घातले की वर्ध्याला लागून असलेली सिंदी निघते, रेल्वे घातली की रेल्वे स्टेशनवाली.

म्हणून या गावच्या पोराचा घात कंसानं व्हावा, हे विधिलिखितच म्हणायचं. रिअ‍ॅक्टमध्ये बटणाला हँडलरचं नुसतं नाव द्यायचं असतं. म्हणजे "बटण दाबलं की हे कर." नावापुढे कंस टाकला की अर्थ होतो, "हे आत्ता कर." पोरानं उणेच्या बटणाशेजारी "काढून टाका" असं बटण केलं आणि सवयीनं कंस टाकले. पान उघडलं, प्रत्येक ओळ पडद्यावर येता येता स्वतःला काढून टाकत गेली, आणि बटणाला कुणी हात लावायच्या आत डाळ, तांदूळ, साखर, गोडेतेल सगळं साफ. टोपलीवर शून्य. वडील म्हणाले, "हा आकडा बाकी बरोबर बदलला."

दुसऱ्या एका जागी हाच कंस स्टेट बदलणाऱ्या फंक्शनला लागला. आता पान काढलं की स्टेट बदलते, स्टेट बदलली की पान पुन्हा काढावं लागतं, काढलं की पुन्हा बदलते. रिअ‍ॅक्ट काही काळ सोसतं आणि मग "टू मेनी री-रेंडर्स" म्हणून हात टेकतं. त्याच आठवड्यात घरी पुलगावहून पाहुणे यायचे होते. आजीनं पुतण्याला बजावलं होतं, "पाहुने आले का चहा टाकाले सांगजो." पुतण्यानं तिथल्या तिथे स्वयंपाकघराकडे तोंड करून बोंब ठोकली, "आजी म्हनते चहा टाका!" वहिनीनं टाकला. पाहुणे अजून पुलगावच्या स्टँडवर होते. चहा घरच्यांनी प्यायला, दूध संपलं, आणि पाहुणे आले तेव्हा लिंबाचं सरबत मिळालं.

निरोप भलत्याच दारी जाण्याची परंपरा या जिल्ह्यात बरीच जुनी आहे, आणि ती थोरामोठ्यांनाही चुकली नाही. महात्मा गांधी 1936 साली वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. देशभरातून त्यांना टपाल यायचं, आणि त्यातलं बरंच बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायचं, कारण नावांत फरक तो एवढासा. शेवटी 1940 साली गावाचं नाव बदलून सेवाग्राम केलं गेलं. एकाच नावाच्या दोन गोष्टी झाल्या तर एकीचं नाव बदला, हा उपाय आजही कंपन्यांत तज्ज्ञ लोक तासभर चर्चा करून सुचवतात. मधली माणसं टाळायचा उपायही सेवाग्रामनं पाहिलेला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून आश्रमात टेलिफोनच बसवून दिला. तो तिथल्या बापू दफ्तरात आजही बघायला मिळतो. ज्या गावात नळ-विजेची वानवा, तिथे दिल्लीची थेट तार. प्रॉप ड्रिलिंगला कंटाळलेल्या माणसानं त्या टेलिफोनपुढे जाऊन जरूर उभं राहावं.

आणि स्टेशनचं काय सांगावं. वर्धा पूर्व या स्टेशनाचं नाव बदलून सेवाग्राम झालं. नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामवरून परस्पर वळतात, वर्धा जंक्शनला जातच नाहीत. त्यामुळे घटना घडते एका स्टेशनावर आणि ती ऐकायला बसवलेला भाचा असतो दुसऱ्यावर. "मामा, गाडी आलीच नाही!" "अरे, मी अर्धा तास झाला उतरून!" कोडात याला लिसनर चुकीच्या जागी लावणं म्हणतात. भाच्याला जे म्हणतात ते छापण्याजोगं नाही.

घटना घडली की ती आधी कुणाला कळावी, यावरून तर कंपन्यांत भांडणं झालेली आहेत. ब्रेंडन आइक यांनी 1995 साली दहा दिवसांत जावास्क्रिप्ट रचली आणि बटणाच्या दाबण्याला काम जोडण्याची सोय नेटस्केप ब्राउझरनं दिली. मग मायक्रोसॉफ्ट आलं. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीचं म्हणणं, घटना वरून खाली जाते: आधी आजीला कळणार, मग आईला, मग ज्याला लागलं त्याला. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं उलट: पोर आधी रडणार, मग आई धावणार, मग आजी. दोन्ही ब्राउझरवर चालेल असं पान करणाऱ्याला प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागे. शेवटी नोव्हेंबर 2000 मध्ये डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेनं मराठी पंचांना शोभेल असा निवाडा दिला: दोघांचंही बरोबर. घटना आधी वरून खाली जाईल आणि मग खालून वर येईल. म्हणजे आजीला दोनदा ऐकू येणार. या चढउताराला मधेच थांबवायची सोयही आहे, तिचं नाव स्टॉपप्रोपगेशन. गणितात अठ्ठावीस मार्क पडलेल्या पोराची आई ती तेव्हापासून वापरते आहे जेव्हा ब्राउझर नव्हते: "हे बाबांपर्यंत जाऊ देऊ नको." दुसरी सोय प्रिव्हेंटडीफॉल्ट, म्हणजे घटनेला ठरलेली जी प्रतिक्रिया असते ती होऊ न देणं. बाबांची ठरलेली प्रतिक्रिया "मोबाइल पाहून पाहूनच झालं हे" अशी आहे. तिच्यावर अद्याप कुणाला उपाय सापडलेला नाही.

आता दूध. रिअ‍ॅक्टच्या आताच्या मार्गदर्शिकेत "+3" असं लिहिलेलं एक बटण आहे. ते दाबलं की "एक वाढव" हे काम तीनदा होतं, आणि आकडा वाढतो एकानं. नवशिक्यांना फेफरं यायची वेळ येते. पण त्या घरात कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. जयंत साळगावकरांनी 1973 साली काढलेल्या या दिनदर्शिकेत तिथी-नक्षत्र बघण्यासाठी असतात, असा ती काढणाऱ्यांचा समज असेल. मराठी घरात तिच्या चौकोनांत दूध, गॅस, कामवाल्या मावशींचे खाडे आणि पेपरचं बिल राहतं. पाहुण्यांच्या सरबतानंतर सगळ्यांना अपराधी वाटून प्रत्येकानं दुसऱ्या दिवसासाठी दूध वाढवायचं मनात धरलं. सकाळी कॅलेंडर बघितलं तेव्हा लिहिलेलं होतं 1 लिटर. दिवसभरात आईनं "एकात एक मिळवून" 2 लिहिले. वहिनीनंही सकाळचा एक लक्षात ठेवून 2 केले. दादानं ऑफिसातून येऊन 2 गिरवले. तिघांनी एकेक लिटर वाढवलं आणि दूध आलं दोन लिटर. उपाय असा की "2 कर" म्हणायचं नाही, "जे असेल त्यात एक वाढव" म्हणायचं. हे घरात सर्वांना पटलं. आचरणात कुणी आणलं नाही.

मग धाकट्यानं उत्साहानं रिडक्स आणलं. डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी 2015 साली ते रचलं, पॅरिसच्या परिषदेत दाखवलं, आणि सगळं जग त्याच्या मागे लागलं. कायदा कडक आहे. सगळ्या घराची माहिती एकाच जागी. वाचा कितीही, हात लावायचा नाही. बदल हवा तर अर्ज करायचा. अर्जाला ठरलेलं नाव, मोठ्या अक्षरांत. अर्ज लिहायला वेगळं फंक्शन. तो अर्ज रिड्यूसरकडे जाणार, आणि रिड्यूसर जुन्यावर खाडाखोड करणार नाही, तर बदल करून नवी प्रत देणार. म्हणजे दूध एक लिटर वाढवायचं तर जुन्या कॅलेंडरला पेन लावायचं नाही, अख्खं नवं कालनिर्णय भिंतीवर टांगायचं. जुनी कॅलेंडरं टाकली नाहीत तर मागे जाऊन बघताही येतं की कुणी, कधी, किती वाढवलं. वडिलांना ही कल्पना फारच आवडली. त्यांना बँकेची आठवण झाली. बाकीच्यांनी एका आकड्यासाठी पाच फायली उघडायच्या हे बघून धाकट्याला विचारलं, तुला कंपनी पगार फायलींवर देते का? खुद्द अब्रामोव्ह यांनी 2016 मध्ये "तुम्हाला कदाचित रिडक्सची गरज नसेल" अशा अर्थाचा लेख लिहिला. तोवर बऱ्याच कंपन्यांत नवी कॅलेंडरं टांगून भिंती भरल्या होत्या.

त्यानंतर कॉन्टेक्स्ट. ते रिअ‍ॅक्टमध्ये आधीपासून होतं, पण वापरू नका अशी तंबी होती. मार्च 2018 च्या 16.3 आवृत्तीत राजरोस झालं. मधल्यांना न विचारता वरून थेट खाली, लिनलिथगोच्या टेलिफोनसारखं. वहिनीनं त्याच धर्तीवर "आपलं घर" नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. आता आईला निरोप्या व्हायची गरज नाही, सगळ्यांना सगळं कळेल. आणि कळू लागलं. पुतण्याचा गृहपाठ नागपूरच्या काकांना कळला. बाबांचं गुडघ्याचं तेल पुण्याच्या मावशीला कळलं. कॉन्टेक्स्टची खोड हीच: आतलं काहीही बदललं की ऐकत बसलेले सगळेच नव्यानं उठून बसतात, आपल्याशी संबंध असो वा नसो. पहाटे पाचला मामांनी फुलांचं "शुभ सकाळ" टाकलं की सोळा फोन वाजतात. यावर जाणते सांगतात, कॉन्टेक्स्टचे तुकडे करा. वहिनीनं केले. "आपलं घर", "आपलं घर 2", "घर फक्त बायका", आणि एक ग्रुप ज्यात बाबा नाहीत आणि ज्याच्याबद्दल बाबांना सगळं माहीत आहे.

कुणाला वाटेल, एवढे नियम आहेत तर लोक पाळत असतील. रिअ‍ॅक्टच्या कर्त्यांना तसं वाटत नव्हतं. आतल्या एका कप्प्याला त्यांनी जे नाव दिलं होतं त्याचा अर्थ होतो: "गुप्त अंतर्गत गोष्टी, वापरू नका, नाहीतर नोकरी जाईल." हे कोडातलं खरं नाव आहे, गंमत म्हणून कुणी केलेली नक्कल नाही. लोकांनी तो कप्पा वापरला. रिअ‍ॅक्टच्या 19 व्या आवृत्तीत मग त्याचं नाव बदलून साधारण असं केलं: "वापरू नका, नाहीतर पुढची आवृत्ती घेता येणार नाही हे आपल्या गिऱ्हाइकांना सांगा." नोकरी जाण्याची भीती चालत नाही, गिऱ्हाइकाला तोंड द्यायची चालते, एवढा अनुभव गाठीशी आलेला दिसतो. आईनंही कपाटातल्या गोरसपाक बिस्किटांच्या डब्यावर "औषध" अशी चिठ्ठी लावून पाहिली आहे.

हे सगळं ज्या एका माणसाच्या जिवावर चाललं होतं, ती आई भाऊबीजेनंतर आठ दिवसांसाठी माहेरी, हिंगणघाटला गेली.

रिअ‍ॅक्टमध्ये कंपोनंट पानावरून गेला की त्याची स्टेटही जाते. त्यानं पोटात जे काही धरून ठेवलेलं असेल ते बाहेर कुठे उतरवलेलं नसेल तर संपलं. आईनं काय उतरवलं होतं? काहीच नाही. मीठ कुठल्या बरणीत, इस्त्रीवाल्याकडे शर्ट किती, मावशींना रजा कुणी दिली, आजीची सकाळची गोळी कोणती आणि संध्याकाळची कोणती, हे सगळं तिच्या डोक्यात होतं आणि डोकं हिंगणघाटला होतं. घरातले फोनवर फोन करू लागले. गेलेल्या कंपोनंटची स्टेट बदलायला गेलं की रिअ‍ॅक्ट पूर्वी एक इशारा देई. मार्च 2022 च्या 18 व्या आवृत्तीत तो काढून टाकला, कारण लोक त्याला घाबरून भलतेच उपाय करत. आईचा इशारा चालू होता. "आता मिठासाठी फोन केला तं पाय."

आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गॅस सिलिंडरवाला आला.

"कोड सांगा."

कोड नोंदलेल्या मोबाइलवर येतो. नोंदलेला मोबाइल आईचा. दादानं आपल्या खोलीतून आईला फोन लावला. धाकट्यानं आपल्या खोलीतून, कानात हेडफोन तसाच ठेवून, आईला फोन लावला. दोघांनाही व्यग्र असल्याचा सूर ऐकू आला. दोघांनी ठेवून पुन्हा लावला. पुन्हा व्यग्र. आजी बाहेर येऊन म्हणाली, "एकमेकाले इचारा ना बाप्पा." दादा म्हणाला, "आजी, त्याले म्हना, मी लावून रायलो." धाकटा म्हणाला, "आजी, दादाले म्हना, मी आधीपासून लावून रायलो." आजीला नीट ऐकू येत नसल्यानं तिनं दोघांनाही सांगितलं की लाइन गेली आहे.

सिलिंडरवाल्यानं सिलिंडर खाली ठेवलं, कपाळावरचा घाम पुसला आणि दोन्ही खोल्यांच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "भाऊ, दोघातून एकानं फोन ठेवा ना. मले अजून सावंगीले जायचं हाय."